१७९ची गाडी ७४९ला: नागपुरातल्या एका खेळण्याच्या खरेदीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण सक्करदऱ्याकडच्या एका घरातलं आहे. नावं बदललीयत, ज्या ॲपवर खरेदी झाली त्याचं आणि सेलरचं नाव देत नाही, बाकी जसं घडलं तसं लिहितोय आणि घरच्यांना विचारूनच लिहितोय. नागपुरात डायकास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूच्या छोट्या खेळण्यातल्या गाड्या जमवणाऱ्यांचा आमचा एक ग्रुप आहे, त्यामुळे अशा तक्रारी माझ्याकडे येत राहतात, पण बहुतेक लोक दोन दिवस चिडतात, ग्रुपवर चार मेसेज टाकतात आणि सोडून देतात. या घराने सोडलं नाही. बिल, स्क्रीनशॉट, मेल सगळं जपून ठेवलं, म्हणून हे एवढं सविस्तर लिहिता येतंय.

मुलगा अथर्व, सातवीत. वडील मंगेशभाऊ एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात आहेत, आई स्वातीताई घरी शिवणकाम करतात. अथर्वला हॉट व्हील्सचं वेड. ज्यांच्या घरी हे वेड नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, मॅटेल कंपनीने १९६८ साली काढलेल्या या छोट्या गाड्या, १:६४ मापाच्या, तळहातावर दोन-तीन सहज मावतात. त्यातली साधी, स्वस्त रेंज म्हणजे मेनलाइन. ती काही दुर्मिळ वस्तू नाही, कारखान्यातून सतत निघत असते. अथर्वला हवी होती ती निस्सान स्कायलाइन, निळी, मेनलाइनचीच. गाडी ज्या पुठ्ठ्याच्या कार्डावर लावून विकतात त्यावर छापलेली एमआरपी १७९ रुपये, सगळे कर धरून. हा १७९चा आकडा लक्षात ठेवा, पुढची सगळी भानगड त्याच्याभोवतीच आहे.

पैसे पोराचेच होते. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, लहान पोरं लाकडी नंदी सजवून घरोघरी जातात आणि लोक त्यांना बोजारा देतात, कुणी दहा, कुणी पन्नास, आजी-मामा असले तर पाचशेसुद्धा. अथर्वने बोजारा साठवून ठेवला होता. त्यातून एक गाडी स्वतःला आणि एक मित्राच्या वाढदिवसाला, असा त्याचा हिशोब.

गडबड कुठं झाली

आधी त्यांनी दुकानं पाहिली. सीताबर्डीला पाहिलं, धरमपेठेत पाहिलं, एका मॉलमध्ये पाहिलं. हुकांवर गाड्या होत्या पण कुणाला नको असलेल्या, काल्पनिक डिझाइनवाल्या. स्कायलाइन, सुप्रा, पोर्शे यातलं काहीच नाही. दहा मिनिटांत डिलिव्हरी देणाऱ्या ॲपवरही 'आउट ऑफ स्टॉक'. मग एका मोठ्या मार्केटप्लेसवर ती दिसली. लिस्टिंगमध्ये लिहिलं होतं एमआरपी १,४९९, त्यावर काट मारलेली, ५० टक्के सूट, किंमत ७४९. मंगेशभाऊंना गाडीची मूळ किंमत माहीत नव्हती. त्यांना दिसली ती अर्ध्या किमतीची सूट. दोन गाड्या, १,४९८ रुपये, डिलिव्हरी वेगळी. अथर्वला किंमत जास्त वाटत होती, दुकानात दीडशे-पावणेदोनशेला मिळते हे त्याला माहीत होतं, पण दुकानात ती नव्हतीच ना, आणि दोनच शिल्लक आहेत असं लाल अक्षरात येत होतं. तो गप्प राहिला.

पार्सल आलं. पहिल्या गाडीच्या कार्डाच्या मागे, जिथे आयातदाराचं नाव, महिना-वर्ष आणि एमआरपीची चौकट असते, नेमकं तिथे पांढरं स्टिकर, त्यावर बारकोड आणि 'एमआरपी १,४९९'. दुसऱ्या कार्डावर स्टिकर नव्हतं पण किमतीचा आकडा कशाने तरी खरवडलेला, खालचा पांढरा कागद दिसत होता. स्वातीताईंनी हे आधी पाहिलं. रोज कापडावरचे टॅग बघणारी बाई, तिच्या नजरेतून स्टिकरची वाकडी कड सुटली नाही. "ह्याच्याखाली काहीतरी आहे," एवढंच म्हणाल्या.

किंमत फुगते कशी

इथे जरा थांबून हे सांगायला हवं, कारण यात नुसता एक सेलर बदमाश निघाला एवढीच गोष्ट नाही.

मेनलाइन गाड्या दुकानात केसने, म्हणजे मोठ्या खोक्याने येतात. ७२ गाड्यांची केस असेल तर त्यात लोकांना हवी असलेली मॉडेलं मोजकीच, बाकी सगळा भरणा. केस उघडली की पहिल्या अर्ध्या तासात ती मोजकी मॉडेलं गायब होतात, कधी गिऱ्हाईक उचलतं, कधी शेल्फवर लागण्याआधीच आतून बाजूला निघतात आणि ठरलेल्या माणसाकडे जातात. ॲपवर स्टॉक पडला की काही लोक पहाटे उठून वेगवेगळ्या नंबरांवरून सगळा उचलतात. यांना कलेक्टर लोक स्कॅल्पर म्हणतात. १७९ला घेतलेली गाडी संध्याकाळी ऑनलाइन ५००ला, ७००ला लागते. पोरगं दुकानात जातं तर रिकामे हुक दिसतात, ऑनलाइन पाहतं तर ढीगभर दिसतात, आणि त्याला वाटतं हीच खरी किंमत असेल. म्हणजे टंचाई आहे ती दुकानाच्या हुकावर. माल शहरात आलेला असतो, कुणाच्या तरी घरी खोक्यात पडलेला असतो.

खरी दुर्मिळता यातही असते, ती नाकारायचं कारण नाही. १९९५पासून निघणाऱ्या ट्रेझर हंट गाड्या, त्यातल्या सुपर ट्रेझर हंट, ज्यांना रबरी टायर आणि चकचकीत स्पेक्ट्राफ्लेम रंग असतो, त्या कमी निघतात. १९६९चा गुलाबी बीच बॉम्ब तर प्रोटोटाइपच, म्हणजे विक्रीआधीचा नमुना, जगात हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. त्याला कुणी लाखो मोजले तर माझी काही हरकत नाही. पण मेनलाइनची स्कायलाइन ही तशी वस्तू नाही. ती अजून बनतेय, आणि एकदा एका रंगात आली की पुढे बहुतेक वेळा दुसऱ्या रंगातही येते. तिला चौपट भाव लावणं म्हणजे पोरांच्या घाईचे पैसे घेणं, मला तरी यात दुसरं काही दिसत नाही.

हेच सध्या लबुबूचंही आहे, बंद डब्यातल्या बाहुल्या, पॉप मार्टच्या. तिथे तर चढा भाव देऊनही नकली निघायची भीती, लोकांनी त्या नकलींना लाफूफू असं नावच पाडलंय.

समोर काय काय पर्याय होते

मंगेशभाऊंचा पहिला विचार साधा होता, परत करून टाकू. पण दोन अडचणी. एक तर अथर्व गाडी सोडायला तयार नव्हता, इतके महिने शोधलेली गाडी हातात आलेली. आणि दुसरं, परत केली की पैसे येतील पण सेलर तीच गाडी तशीच दुसऱ्याला विकेल. स्वातीताईंना हे दुसरं कारण जास्त लागलं. "आपल्याले पैसे भेटतीन, पण उद्या दुसऱ्या पोराचे जातीनच ना," असं त्या म्हणाल्या.

ऑफिसातल्या एकाने मंगेशभाऊंना सांगितलं की भाऊ, काहून टेन्शन घेऊन राहिले, तुम्हीच ती हजाराला लावा ऑनलाइन, कोणीतरी घेईलच. हा पर्याय घरात खरंच चर्चेला आला, आणि तो नको म्हणणारा अथर्व होता. त्याला कायदा वगैरे माहीत नव्हता, त्याला फक्त आपल्यासारखाच कुणीतरी तिकडे असेल हे कळत होतं.

खराब रिव्ह्यू लिहून सोडायचं, हा तिसरा पर्याय. त्याने दोन दिवस बरं वाटतं, होत काहीच नाही.

मग तक्रारीचे रस्ते. ते मला विचारायला आले तेव्हा मी जे मांडलं ते असं. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे प्रत्येक मार्केटप्लेसला तक्रार अधिकारी नेमावा लागतो, त्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावा लागतो, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि एका महिन्यात ती निकाली काढायची. त्याच्यापुढे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५, तिथे मराठीतही बोलता येतं. ते कोर्ट नाही, पण तक्रार नोंदवून कंपनीकडे पाठवतात आणि उत्तर मागतात. तिसरं वैधमापन शास्त्र खातं, ज्याला आपण सरळ वजनमापेवाले म्हणतो. पाकिटावरची किंमत खोडणं, झाकणं हा त्यांचाच विषय. आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग, जिथे मालाची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आणि २०१९च्या कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे सेलर दिल्लीचा असला तरी केस नागपुरात चालू शकते. मुदत दोन वर्षांची.

आयोग त्यांनी त्यावेळी बाजूला ठेवला. अकराशे-बाराशे रुपयांसाठी तारखा घ्यायच्या तर मंगेशभाऊंच्या सुट्ट्या जाणार. माझंही मत तेच होतं, आधी बाकीचे रस्ते पूर्ण वापरा, कागद तयार राहतील, आयोगात जायची वेळ आली तर तेच कागद कामी येतील.

स्टिकर काढायचं की नाही

सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त वाद या एका गोष्टीवर झाला, आणि तो वाद व्हायलाच हवा होता.

स्टिकर काढलं तर खालची एमआरपी दिसेल, पुरावा मिळेल. पण सेलर म्हणू शकतो की तुम्हीच छेडछाड केली, आणि रिटर्न पण नाकारू शकतो कारण पॅकिंग खराब. नाही काढलं तर नुसता संशय. मंगेशभाऊ म्हणत होते तसंच ठेवा, अथर्वला कार्डाला घडी पडायची भीती, कलेक्टरसाठी कार्ड म्हणजे निम्मी गाडी.

शेवटी असं केलं. स्वातीताईंनी फोन पुस्तकांच्या थप्पीवर टेकवून व्हिडिओ चालू ठेवला, एकही कट नाही. आधी पार्सलवरचं लेबल, त्यावरचा ऑर्डर नंबर, मग बिल, मग गाडी ब्लिस्टरमध्ये, म्हणजे कार्डाला चिकटवलेल्या पारदर्शक प्लास्टिकमध्ये, सीलबंद आहे ते चारही बाजूंनी, मग स्टिकर जवळून. मग हेअर ड्रायर लांबून, गरम हवा अगदी थोडा वेळ, आणि नखाने एक कोपरा. स्टिकर पूर्ण काढलंच नाही, अर्ध्यावर उचललं. खाली आधी 'सर्व करांसह' दिसलं, मग ९, मग ७, मग १. अर्धं चिकटलेलं १,४९९ आणि त्याच्या शेजारी छापील १७९, दोन्ही एकाच फ्रेममध्ये. तो एक फोटो पुढे सगळीकडे चालला. दुसऱ्या, खरवडलेल्या कार्डाचे नुसते फोटो काढले, तिथे दाखवण्यासारखा आकडाच उरला नव्हता.

बिलही नीट पाहिलं. सेलरचा जीएसटी नंबर ०७ने सुरू, म्हणजे दिल्लीचा. बिलावर नोंदणीकृत व्यापारी म्हणून नाव. हे महत्त्वाचं आहे, कारण घरातली जास्तीची एखादी गाडी विकणारा माणूस आणि जीएसटी नंबर घेऊन धंदा करणारा दुकानदार यात कायद्याच्या नजरेत फरक पडतो. पहिल्यावर एमआरपीचा नियम लावणं अवघड. दुसरा किरकोळ विक्रेता आहे, त्याला पाकिटावरच्या एमआरपीच्या वर एक रुपयाही घेता येत नाही.

सेलरचं म्हणणं आणि त्याला दिलेलं उत्तर

मार्केटप्लेसकडून पहिलं उत्तर आलं ते छापील होतं, किंमत सेलर ठरवतो, आम्ही फक्त माध्यम आहोत, तुम्ही रिटर्न करू शकता. त्यावर स्वातीताईंनी तक्रार अधिकाऱ्याला वेगळा मेल केला, फोटो जोडून, आणि त्यात 'किंमत जास्त आहे' हा शब्दच वापरला नाही. किंमत जास्त आहे असं लिहिलं की समोरचा मागणी-पुरवठ्यावर भाषण देतो. त्यांनी लिहिलं की छापील एमआरपी झाकून जास्त एमआरपीचं स्टिकर लावलेला माल तुमच्या प्लॅटफॉर्मवरून विकला गेला आहे. या वाक्याने तक्रारीचा नूर बदलला असं मला वाटतं.

मग सेलरचं उत्तर आलं. त्यात तीन मुद्दे होते आणि तिन्ही नीट वाचण्यासारखे आहेत, कारण कुठलाही सेलर हेच सांगतो.

पहिला, हा इम्पोर्टेड व्हेरियंट आहे, आमची एमआरपी वेगळी. आता यात अर्धं खरं असू शकतं. बाहेरून माल आणणारा आयातदार आपलं लेबल लावून त्यावर किंमत, नाव, पत्ता देऊ शकतो, नियमात तशी सोय आहे. पण ती सोय भारताची माहिती नसलेल्या पाकिटासाठी. इथे कार्डावर आधीच भारतातल्या आयातदाराचं नाव आणि रुपयात एमआरपी छापलेली होती. पॅकेज्ड कमोडिटीज नियम, २०११ मध्ये स्पष्ट आहे, स्टिकर लावून किंमत बदलायची नाही, फक्त कमी करायची असेल तर लावता येतं, आणि तेव्हासुद्धा मूळ छापील किंमत झाकायची नाही. किंमत खोडणं, पुसणं, बदलणं यालाही त्याच नियमांत विक्रेत्याला मनाई आहे, आणि खरवडलेलं दुसरं कार्ड त्यातच बसत होतं.

दुसरा मुद्दा, खेळण्यांवर कस्टम ड्युटी वाढली. हे खरंच आहे, २०२०मध्ये ड्युटी २० टक्क्यांवरून ६० झाली आणि २०२३मध्ये ७०. पण एमआरपी म्हणजे सगळे कर धरून. ड्युटी वाढल्यावर अधिकृत आयातदाराने जी किंमत छापली ती १७९. ड्युटी तिच्यात आलीच, तीच ड्युटी पुन्हा अथर्वकडून कशी घेणार?

तिसरा मुद्दा, ग्राहकाने किंमत पाहून स्वखुशीने घेतलं. इथे मंगेशभाऊ जरा ढिले पडले होते, त्यांना वाटलं खरंच, आपण पाहूनच तर घेतलं. पण त्यांनी पाहिलं होतं ते १,४९९वर ५० टक्के सूट. ती सूटच खोटी होती, एमआरपीच खोटी होती. १७९च्या वस्तूवर ७४९ ही सूट नाही होत.

या सगळ्याचं उत्तर त्यांनी एका पानात पाठवलं, फोटोंना नंबर देऊन. त्याच दिवशी १९१५वर तक्रार नोंदवली आणि तिचा डॉकेट नंबर मेलमध्ये टाकला. वजनमाप्यांकडेही अर्ज दिला, फोटो आणि बिलाची प्रत जोडून, आणि पोच घेतली.

मधेच आलेला मोह

हे चालू असतानाच एका ग्रुपवर अथर्वला कुणीतरी सुपर ट्रेझर हंट दाखवली. ६,५०० रुपये, आधी दोन हजार ॲडव्हान्स, आजच्या आज. पोरगं वडिलांच्या मागे लागलं, आणि मंगेशभाऊ पण विरघळले होते, म्हणे एवढं सगळं झालं त्याच्यासोबत, घेऊन देऊ एक चांगली.

मी फक्त एक फोटो मागवायला सांगितला, गाडीच्या मागे कार्डावर काय छापलंय त्याचा. अलीकडच्या सुपरच्या कार्डावर गाडीमागे सोनेरी गोलातली ज्वाला असते. आलेल्या फोटोत रबरी टायर होते, चकाकी होती, पण कार्ड साधं मेनलाइनचं. म्हणजे साध्या गाडीची चाकं बदललेली, रंग मारलेला आणि ब्लिस्टर परत चिकटवलेला. कड नीट पाहिली तर गोंदाचा पिवळट पट्टा दिसत होता. हे विचारल्यावर त्या माणसाने अथर्वला ब्लॉक केलं. इथे पैसे गेले असते तर एमआरपीचा नियम काही कामाचा नव्हता, बिल नाही, दुकान नाही, नुसता एक यूपीआय आयडी. तो विषय फसवणुकीचा, सायबरकडे न्यायचा, १९३०वर कळवायचा.

निकाल

हेल्पलाइनकडे तक्रार गेल्यावर मार्केटप्लेसचा सूर बदलला. आधी म्हणाले दोन्ही गाड्या परत द्या, पूर्ण रिफंड देतो. घरच्यांनी फरक मागितला, म्हणजे ७४९ वजा १७९, एका गाडीमागे ५७० रुपये, गाड्या आमच्याकडेच राहतील. थोडी ओढाताण झाली. स्टिकरवाल्या गाडीचे ५७० बँकेत परत आले. खरवडलेल्या गाडीसाठी मात्र त्यांनी 'मूळ किंमत सिद्ध होत नाही' असं म्हटलं आणि ॲपच्या वॉलेटमध्ये ३०० रुपये टाकले, वापरायची मुदत घालून. घरच्यांनी ते नाखुशीने घेतले. मी असतो तर घेतले नसते. दोन्ही कार्डं एकाच सीरिजची, एकाच आयातदाराची, एकाच महिन्याची होती, एकावर १७९ असेल तर दुसऱ्यावर दोन हजार असणार नाही हे कुणालाही कळतं. पण मंगेशभाऊ थकले होते, आणि रात्री दहानंतर मेल लिहिणारी माणसं तीच होती, मी नव्हतो.

लिस्टिंग उतरली. काही दिवसांनी तीच गाडी, त्याच बॅकग्राउंडवरचे तेच फोटो, वेगळ्या सेलरच्या नावाने परत आली, यावेळी 'दोन गाड्यांचा कॉम्बो, डिस्प्ले स्टँडसह'. कॉम्बो केला की एमआरपीची तुलना करणं ग्राहकाला अवघड जातं, म्हणूनच तसं करतात.

आणि एक चांगली गोष्ट झाली. आमच्या ग्रुपमध्ये बोलणं झालं, त्यातून सीताबर्डीच्या एका दुकानदारकाकांनी आपणहून ठरवलं की नवीन केस उघडली की एका माणसाला दोनच गाड्या, आणि केस उघडायची ती संध्याकाळी, शाळा सुटल्यावर. त्यांचा यात तोटा नाही, माल तसाही संपतो. पण मोठी माणसं सकाळी अकराला येऊन हुक साफ करायची ते थांबलं. दिवाळीच्या आसपास तिथे स्कायलाइन आली, दुसऱ्या रंगात, छापील किमतीला. अथर्वने ती घेतली आणि मित्राला दिली, कारण खरवडलेलं कार्ड वाढदिवसाला द्यायची त्याला लाज वाटत होती.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, लिस्टिंगवरची काट मारलेली किंमत आणि पाकिटावरची छापील किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे घेण्याआधी तपासायला हवं होतं. यासाठी दुकानात उरलेली नको असलेली गाडी उलटून मागची एमआरपी पाहिली असती तरी पुरे होतं, त्याच रेंजची असल्याने आकडा तोच निघतो. अथर्वला तो माहीत होता. घरात किमतीबद्दल पोराला विचारायची पद्धत असती तर तो बोलला असता, आणि हे मी मंगेशभाऊंना स्पष्ट सांगितलं, त्यांनाही पटलं. पैसे पोराचे आहेत तर हिशोबातही त्याला बसवा.

दुसरं, लिस्टिंगमध्ये कार्डाच्या मागच्या बाजूचा फोटो नव्हता. ऑनलाइन विकताना एमआरपी, आयातदार, कुठल्या देशात बनलं ही माहिती दाखवणं २०१८पासून बंधनकारक आहे. फोटो नसेल तर सेलरला प्रश्न विचारायचा, 'पाकिटावर छापलेली एमआरपी किती?' लेखी उत्तर आलं तरी पुरावा, नाही आलं तरी शहाणा माणूस समजतो.

तिसरं, लिस्टिंगचा स्क्रीनशॉट. तो त्यांनी पार्सल आल्यावर काढला, तोवर सेलरने वर्णनात थोडा बदल केलेला होता. ऑर्डर करतानाच काढायला हवा होता. पार्सल उघडतानाचा व्हिडिओही नव्हता, दोन्ही गाड्या बाहेर काढून झाल्यावर शंका आली आणि मग कॅमेरा लागला. खरवडलेलं कार्ड तसंच आलं होतं हे सिद्ध करायला तिथे अडचण झाली, आणि ३०० रुपयांवर बोळवण झाली त्याचं एक कारण हेच.

मार्केटप्लेसने काय करायला हवं होतं हेही बोललं पाहिजे, सगळा भार ग्राहकावर टाकून कसं चालेल. त्यांच्याकडे एकाच गाडीची पन्नास लिस्टिंग असतात, कुठे एमआरपी १७९, कुठे ९९९, कुठे १,४९९. एकाच बारकोडच्या वस्तूला इतक्या एमआरपी कशा, हे कॉम्प्युटरला एका क्षणात कळतं. सेलरकडून पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो सक्तीने मागितला तर यातलं निम्मं बंद होईल.

आणि ऑफिसातल्या त्या सल्ल्याबद्दल. हजाराला लावून टाका म्हणणारी माणसं वाईट नसतात, पण बाजार असाच फुगतो, एकाने सातशेला घेतलं म्हणून तो हजाराला लावतो, हजारवाला बाराशेला. आमच्या ग्रुपमध्ये आता नियम आहे, मेनलाइन विकायची तर छापील किंमत अधिक कुरिअर, नाहीतर अदलाबदल. दोन-तीन जण यावरून ग्रुप सोडून गेले, जाऊ द्या.

सध्या कुठं आहे

वजनमाप्यांकडचा अर्ज चौकशीत आहे, सेलर दुसऱ्या राज्यातला असल्याने कागद तिकडे जाणार असं सांगितलंय. वॉलेटमधले ३०० रुपये स्वातीताईंनी शिलाईच्या दोऱ्यांवर खर्च केले. कॉम्बोवाल्या नव्या लिस्टिंगची तक्रार त्यांनी यावेळी माझ्याकडे न येता स्वतःच टाकली, दोन्ही लिस्टिंगचे फोटो शेजारी शेजारी लावून, आणि सेलरचं नाव वेगळं असलं तरी रिटर्नचा पत्ता तोच आहे हे त्यात लिहिलं. पोच आली आहे, निकालाची महिन्याची मुदत अजून संपलेली नाही.